जुन्या मोटरसायकलीची वीज कोठे हरवते?

जुन्या मोटरसायकलीचा पुढचा दिवा मंदावू लागला की मालक पहिला दोष बॅटरीला देतो. नवी बॅटरी येते, आठ-पंधरा दिवस दिवा लखलखतो, आणि मग पुन्हा एखाद्या संध्याकाळी रस्त्यावर तांबूस, आजारी उजेड पडू लागतो. लगेच दुसरी बॅटरी विकत आणली जाते. अशा रीतीने वर्षभरात दोन-दोन बॅटऱ्या बदलणाऱ्या गृहस्थाच्या गाडीतला खरा दोष पुष्कळदा अगदी स्वल्प किमतीच्या कार्बन ब्रशात, नाहीतर एखाद्या गंजलेल्या स्क्रूखाली दडलेला असतो. बॅटरी ही केवळ पेढी आहे. जमा करणाराच गैरहजर राहू लागला तर पेढी बदलून काय होणार?

प्रश्न केवळ खर्चाचाही नाही. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्या माणसाला पावसाळी रात्री वळणावर दिवा साथ देईनासा झाला, तर त्याची किंमत बॅटरीच्या किमतीत मोजता येत नाही. शिवाय या गाड्यांचे जुने डायनमो आता सहजासहजी मिळत नाहीत. दोष न ओळखता गाडी तशीच दामटली आणि डायनमो आतून जळाला, तर वडिलांनी जपलेली गाडी एका किरकोळ तारेपायी कायमची शेडमध्ये पडते.

ज्या गाड्यांविषयी हे विवेचन आहे त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग डायनमोच्या गाड्यांचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बांधली गेलेली बी. एस. ए. एम-२० ही त्यांतली ठळक. तिच्याच काळातल्या नॉर्टन आणि मॅचलेसही याच जातीच्या. दुसरा वर्ग अल्टरनेटरच्या गाड्यांचा, आणि त्यात आपल्याकडची सर्वांत परिचित म्हणजे १९५५ साली मद्रासेत स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट. दोहोंचे काम एकच, पण रोग निराळे; म्हणून चिकित्साही निराळी. त्यातला डायनमो हा अधिक नाजूक आणि अधिक गुंतागुंतीचा असल्याने त्याच्याकडे प्रथम वळणे बरे.

एम-२० सारख्या गाडीत ठिणगीसाठी मॅग्नेटो असतो आणि त्याच्याच पाठीवर लोखंडी पट्ट्याने डायनमो आवळलेला असतो. या जोडगोळीला मॅगडायनो म्हणतात. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो, त्यामुळे बॅटरी मृतवत झाली तरी इंजिन पहिल्या किकला सुरू होते आणि गुमान चालते. हा मोठा गुण खरा, परंतु त्यामुळेच दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. दिवसा फिरणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते पहिल्या रात्रीच्या प्रवासात. उलट, ज्या गाडीची ठिणगी बॅटरी आणि कॉइल यांवर अवलंबून आहे ती रुसून लवकर सूचना देते.

डायनमोची क्रिया समजली की तपासणी अर्धी संपते. फॅरडेने १८३१ साली दाखवले की चुंबकीय क्षेत्रात तार फिरवली असता तिच्यात विजेचा दाब निर्माण होतो. डायनमोत ती तार आर्मेचरवर गुंडाळलेली असते. परंतु चुंबकीय क्षेत्र आणायचे कोठून? १८६६-६७ च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी जवळजवळ एकाच वेळी ओळखले की कायमच्या चुंबकाची गरजच नाही. डायनमोच्या लोखंडात पूर्वीचे थोडेसे चुंबकत्व उरलेले असते. त्यातून अल्पशी वीज होते, ती फिल्ड कॉइलमधून फिरवली की चुंबकत्व वाढते, त्यामुळे वीज वाढते, आणि क्षणार्धात पूर्ण दाब उभा राहतो. दह्याच्या विरजणासारखाच हा प्रकार आहे. विरजणच नाहीसे झाले तर कितीही दूध ओतले तरी दही लागत नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या डायनमोचे असे पुष्कळदा होते, हे लक्षात ठेवावे.

हा दाब मोकाट वाढू नये म्हणून रेग्युलेटर असतो. त्याच्या पेटीत दोन लहान यंत्रे असतात. एक कंप पावणारा संपर्क दाब ठराविक मर्यादेवर गेला की फिल्डच्या वाटेत अवरोध घालतो आणि उतरला की काढून घेतो. दुसरा कटआउट, म्हणजे पेढीचा दरवानच. डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की तो दार उघडतो आणि इंजिन मंदावले की बंद करतो, नाहीतर बॅटरीतली वीज उलट डायनमोत शिरून वाया जाईल.

आता तपासणीचा आरंभ. तो अर्थात बॅटरीपासूनच करावा. तिला बदलण्यासाठी नव्हे, तर तिची साक्ष घेण्यासाठी. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन कोठे असतात. पूर्ण भरलेल्या आणि काही तास स्वस्थ ठेवलेल्या बॅटरीचा दाब ६.३ व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. हायड्रोमीटर मिळाल्यास अधिक चांगले: भरलेल्या बॅटरीतील आम्लाची विशिष्ट घनता १.२५० ते १.२८० च्या दरम्यान, आणि रिकामीची १.१५० किंवा त्याहून खाली. उष्ण प्रदेशात आम्ल मुद्दाम थोडे सौम्य भरतात, म्हणून आकड्यापेक्षा तिन्ही कोठ्यांतील सारखेपणा महत्त्वाचा. दोन कोठे चांगले आणि एक फार मागे, असे आढळले तर ती बॅटरी गेली असे समजावे; चार्जिंगच्या यंत्रणेवर आळ घेऊ नये. तिन्ही सारखेच खाली असतील, तर बॅटरी उपाशी आहे. आणि पाणी वारंवार आटत असेल, तर तिला अजीर्ण झाले आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या उन्हाळ्यात पाणी थोडे अधिक आटणारच, परंतु आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागणे हे निरोगीपणाचे लक्षण नव्हे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून स्फोटक हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा अंधारात आगकाडी पेटवून पाण्याची पातळी पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

बॅटरी बाहेरून पुरती चार्ज करून गाडीवर बसवली की अॅमीटर पाहावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भरलेल्या बॅटरीवर काटा जेमतेम एक-दोन अँपिअर दाखवतो म्हणून पुष्कळ जण घाबरतात. वस्तुतः रेग्युलेटर आपले काम करीत असल्याची ती खूण आहे. खरी परीक्षा दिवा लावून करावी. त्या काळच्या मोटरसायकल-डायनमोची शक्ती साधारण ४० ते ६० वॅट. पुढचा दिवा ३० वॅटचा आणि मागचा पाच-सहा वॅटचा धरला, तर सहा व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर दिव्यांतच खर्च होतात. शिल्लक फार थोडी उरते. म्हणून दिवा लावून, इंजिनाला तिसऱ्या-चौथ्या गिअरमधल्या प्रवासाइतकी गती दिली असता काटा शून्यावर किंवा किंचित अधिकाकडे आला, तर डायनमो निर्दोष आहे. इंजिन मंद चालताना काटा उणेकडे जाणारच. ज्याचे फिरणे रोज रात्री गावातल्या गर्दीतच होते त्याची बॅटरी कोणताही दोष नसताना रिकामी होईल, आणि महिन्यातून एकदा ती बाहेरून चार्ज करून घेणे हाच त्यावरचा उपाय.

काटा कोणत्याही गतीला अधिकाकडे येतच नसेल, तर मात्र दोषाचा शोध सुरू होतो. येथे उतावळा मेकॅनिक रेग्युलेटरचे झाकण काढतो आणि आतले स्क्रू पिळू लागतो. हे सर्वांत शेवटचे काम आहे. आधी डायनमो एकटा पाडून विचारावा. त्याच्यावरील डी आणि एफ अशा दोन खुणांच्या तारा सोडवाव्यात. ही दोन्ही टोके एका छोट्या तारेने परस्परांना जोडावीत, आणि तेथून गाडीच्या अंगापर्यंत व्होल्टमीटर लावावा. गाडीच्या अंगाला बॅटरीचे धन टोक जोडलेले असेल तर मीटरच्या तारा त्या हिशेबाने उलट धराव्यात. मग इंजिन सुरू करून हळूहळू गती वाढवावी. चांगला डायनमो थोड्याच गतीला सहा-सात व्होल्टपर्यंत झरझर आणि न थरथरता चढतो. येथे रेग्युलेटर वगळलेला असल्याने दाबाला आवर कोणाचाच नाही, म्हणून काटा दहाच्या पुढे जाऊ देऊ नये आणि चाचणी आटोपती घ्यावी. काटा चढत नाही म्हणून रेस देत सुटणे तर डायनमोच्या जिवावर बेतेल.

काटा किती चढून थांबतो, यावरून रोगाचे स्थान ओळखता येते, आणि ही या चाचणीतली खरी मौज आहे. सुमारे अर्ध्या व्होल्टवर काटा रेंगाळला, तर याचा अर्थ विरजण आहे, पण दही लागत नाही. लोखंडातल्या उरलेल्या चुंबकत्वाची तेवढी वीज येते, फिल्ड कॉइल मात्र तुटलेली किंवा वेगळी पडलेली आहे. नेहमीच्या निम्म्यापर्यंत येऊन काटा अडला, तर आर्मेचरच्या गुंडाळीविषयी संशय घ्यावा. काटा अजिबात हलला नाही, तर ब्रश पाहावेत, आणि ब्रश चांगले असूनही शून्यच असेल, तर चुंबकत्व गेले आहे. ते परत आणण्याचा उपाय सोपा आहे. एफची तार रेग्युलेटरपासून सोडवलेली ठेवून बॅटरीच्या, अंगाला न जोडलेल्या टोकाकडून आणलेली तार डायनमोच्या एफ टोकाला क्षणभर, दोन-तीनदा, नुसती टेकवावी. लोखंड पुन्हा चुंबकित होते आणि कोणत्या दिशेने व्हायचे तेही बॅटरीच ठरवते. अंगाला धन टोक जोडायचे की ऋण, हे कोणी मध्यंतरी बदलले असेल तर हाच विधी पुन्हा करावा लागतो. तो न करता तारा जोडल्या तर कटआउटचे संपर्क जळून चिकटतात.

ब्रश पाहण्यासाठी डायनमोच्या टोकावरचे टोपण काढावे. कार्बन निम्म्याहून झिजला असेल, घरात अडकत असेल किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल, तर कम्युटेटरशी त्याचा संबंध तुटक राहतो. कम्युटेटर तांब्याचा असतो. तो काळा पडला असल्यास पेट्रोलात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर बारीक काचकागद फिरवावा. एमरी कागद मात्र कधीही वापरू नये, कारण त्याचे कठीण कण तांब्यात रुतून बसतात आणि मग ब्रशच खरवडून काढतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या बरोबरीला आला असेल, तर तो मिलिमीटरभराहून थोडा कमी खोल कोरून घ्यावा. तेल आढळले तर आनंद मानू नये. ते मॅगडायनोच्या बाजूने आत झिरपते आहे, आणि नुसते पुसून उपयोग नाही, सील पाहिले पाहिजे. मॅगडायनोत आणखी एक गंमत आहे. डायनमो फिरवणारा फायबरचा दातेरी गिअर घसरत्या क्लचवर बसवलेला असतो, म्हणजे डायनमो आतून अडकला तरी मॅग्नेटो मोडू नये. हा क्लच ढिला झाला, तर डायनमो पूर्णपणे निर्दोष असूनही पुरेसा फिरत नाही आणि सगळ्या चाचण्या चुकीचे उत्तर देतात.

डायनमो उत्तीर्ण झाला की तारा पूर्ववत जोडून रेग्युलेटरकडे जावे. त्याची चार टोके सामान्यतः एफ, ए, डी आणि ई अशी असतात. डी आणि एफ डायनमोकडे, ए अॅमीटरमार्गे बॅटरीकडे, आणि ई गाडीच्या अंगाला. या चौघांत सर्वांत दुर्लक्षित टोक ई, आणि सर्वांत घातकही तेच. रेग्युलेटर पुष्कळ गाड्यांवर रबरावर बसवलेला असतो, म्हणून त्याचा अंगाशी संबंध या एका तारेनेच राहतो. ती तुटली किंवा तिच्या स्क्रूखाली रंग वा गंज साचला की कटआउटच्या कॉइलला परतीची वाट राहत नाही, तो मिटतच नाही, आणि अॅमीटरवर चार्ज शून्य दिसतो. मालक म्हणतो, डायनमो वीज देत नाही. प्रत्यक्षात नेमके उलट घडत असते. दाब रोखणाऱ्या कॉइलचीही वाट तीच असल्यामुळे दाबाला आवर राहत नाही, फिल्ड कॉइलमधून पूर्ण प्रवाह वाहतो आणि डायनमो आतल्या आत भाजत राहतो. दहा मैलांनंतर डायनमोला हात लावून पाहिल्यास तो चटका देईल. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष विशेष आढळावा यात नवल नाही. एक तार, एक स्क्रू आणि थोडा काचकागद, एवढ्याने तो दूर होतो. आणि न दिसल्यास सारा डायनमो घेऊन जातो.

एफच्या तारेचीही चौकशी करावी. ती तुटली तर चार्ज बंद. ती कोठेतरी घासून गाडीच्या अंगाला टेकली, तरी बंदच. परंतु ती डीच्या तारेला मिळाली, तर रेग्युलेटर जणू अस्तित्वातच नाही असे होऊन बॅटरी उकळू लागते आणि बल्ब एकामागून एक जातात. दोन्ही तारा एकाच नळीतून शेजारी शेजारी आलेल्या असतात, म्हणून टाकीखाली आणि हँडलच्या वळणापाशी त्या नीट उलगडून पाहाव्यात.

एवढे सर्व ठीक असेल तरच रेग्युलेटरचा दाब मोजावा. बॅटरी वेगळी करून, डी आणि ई यांवर व्होल्टमीटर लावून इंजिनाची गती वाढवीत जावे. काटा चढत जाऊन एकाएकी थोडा हिसका खाऊन स्थिर होतो. तो आकडा या जुन्या लूकस रेग्युलेटरांत साधारण ७.६ ते ८ व्होल्टच्या दरम्यान असावा. हवा जितकी उष्ण तितका तो थोडा कमी असणेच योग्य, कारण उष्ण बॅटरीला कमी दाब पुरतो, आणि रेग्युलेटरमध्ये त्याची योजना केलेलीच असते. ही मोजणी अर्ध्या मिनिटात आटोपावी. कॉइल तापली की आकडा खोटे बोलतो. मगच आवश्यक असल्यास स्क्रू एका वेळी किंचित फिरवावा.

इंजिन बंद केल्यावरही अॅमीटरचा काटा जोराने उणेकडे कललेला राहिला, तर कटआउटचे संपर्क चिकटले आहेत असे समजून विनाविलंब बॅटरीचे एक टोक सोडवावे. आणि ते सोडवताना गाडीच्या अंगाला जोडलेले टोक आधी, म्हणजे पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी पडत नाही.

बुलेटच्या अल्टरनेटरची कथा याहून सुटसुटीत आहे. तेथे कॉइल स्थिर आणि चुंबक फिरता, म्हणून ब्रशही नाहीत आणि कम्युटेटरही नाही. हा चुंबक क्रँकच्या डाव्या टोकाला, प्रायमरी चेनच्या पेटीतच बसतो. त्यातून येणारी वीज उलटसुलट दिशेने वाहते. तिला एकाच दिशेचे वळण लावण्यासाठी रेक्टिफायर असतो. दोष बहुधा तीन ठिकाणी सापडतो. स्टेटरच्या तारा पेटीतून बाहेर येतात त्या जागी घासलेल्या असतात. स्टेटर तिरपा बसल्याने चुंबक एका बाजूला टेकतो. फीलर गेज सर्व बाजूंनी फिरवून सुमारे ०.२ मिलिमीटरचे अंतर सारखे आहे की नाही ते पाहावे. आणि तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द रेक्टिफायर. त्याची परीक्षा एका बॅटरीने आणि एका लहान बल्बने होते: वीज एका दिशेने घातली की बल्ब पेटावा, उलट दिशेने घातली की पेटू नये. दोन्ही दिशांनी पेटला तर त्याचा तो भाग फुटला आहे, आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी रिकामी का मिळते याचे उत्तरही तेथेच आहे. दोन्ही दिशांनी पेटला नाही, तर तो भाग मधूनच तुटला आहे आणि चार्ज निम्म्यावर येतो. जुन्या सेलेनियम पत्र्यांच्या रेक्टिफायरची मधली नट कधीही पिळू नये. पत्र्यांवरचा दाब बिघडला की तो दुरुस्त होत नाही. त्याच्या जागी आजचा लहान सिलिकॉन रेक्टिफायर बसवणे हेच शहाणपणाचे.

लूकस धर्तीच्या जुन्या अल्टरनेटरांत एक विशेष असा की, दिवा बंद असता थोड्याच कॉइलांची वीज वापरात येते आणि दिव्याचा स्विच फिरवला की बाकीच्या कॉइला जोडल्या जातात. म्हणून दिवसा चार्ज व्यवस्थित आणि रात्री मात्र उणे, असे आढळले, तर अल्टरनेटर उतरवण्याआधी हेडलाइटच्या घरातला तो स्विच उघडून त्याचे संपर्क घासून पाहावेत.

आजकाल जुन्या रेग्युलेटरच्या पेटीत मावणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात आणि ते चांगले चालतात. सहा व्होल्टचे एल. ई. डी. बल्बही आले आहेत. ते कमी वीज खात असल्याने अशक्त डायनमोलाही झेपतात. दोन्ही घेताना गाडीच्या अंगाला बॅटरीचे धन टोक जोडले आहे की ऋण, हे दुकानदाराला आधी सांगावे, कारण उलट जोडलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एका क्षणात निकामी होतो.